शाही बिर्याणी, पांढरा रस्सा घरी करताय? या चुका टाळा

लग्नसराई सुरू झाली की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, बिर्याणी कडू लागतेय, आता काय घालू?" काहीच घालू नका. करपलेला कांदा शिताशितात उतरलेला असतो, तो परत काढता येत नाही. म्हणून हे आधीच लिहून ठेवते.

कांद्यापासूनच सुरुवात करते, कारण दहातल्या आठ बिर्याण्या तिथेच बिघडलेल्या मी पाहिल्यात. लासलगाव आपल्याच जिल्ह्यात आणि बिर्याणीचा कांदा निवडता येत नाही, याचं नाशिककर म्हणून मला खरंच वाईट वाटतं. डिसेंबर-जानेवारीत बाजारात असतो तो ताजा लाल कांदा, त्यात पाणी जास्त. मार्च-एप्रिलमध्ये निघालेला, साठवणीच्या चाळीत राहिलेला उन्हाळ कांदा घट्ट असतो, तो छान कुरकुरीत होतो. लालच मिळत असेल तर वेळ दुप्पट धरा.

भाच्याच्या साखरपुड्याला पन्नास माणसांची बिर्याणी मी अंगावर घेतली होती. जानेवारी महिना, चार किलो लाल कांदा, पाहुणे अकराला येणार. घाईत मी सगळा कांदा दोनच घाण्यांत टाकला. तेल थंड पडलं, कांद्याला पाणी सुटलं, तो तळायच्या ऐवजी शिजत बसला. अर्ध्या तासानं जाऊबाईंनी गॅस मोठा केला, मीही अडवलं नाही. पाच मिनिटांत कडा काळ्या आणि आतून मऊच. 'मसाल्यात खपून जाईल' म्हणून तोच वापरला. मुलीकडची माणसं भली, ताटात कुणी काही टाकलं नाही, पण दुसऱ्यांदा वाढूनही कुणी घेतलं नाही. पातेलं अर्धं भरलेलं परत आलं.

तेव्हापासून माझी सवय अशी: कांदा पातळ आणि एकसारखा चिरायचा, सुती फडक्यावर तासभर पसरायचा. घाणा दोन मुठींचाच, कढईत कांदा मोकळा तरंगला पाहिजे. सोनेरी झाला की लगेच झाऱ्यानं काढायचा, बाहेर आल्यावरही त्याचा रंग चढत राहतो. काढून परातीत पसरायचा, ढीग केला की वाफेनं मऊ पडतो. किलोभर कांद्याचा तळून पाव किलोच्या आसपास उरतो, तेव्हा हात सैल सोडून आणा. पाकिटातला तळलेला कांदा मी वापरत नाही. मला त्यात शिळ्या तेलाचा वास येतो.

दुसरी चूक दमाची. लखनौला 1784 मध्ये नवाब असफ-उद्-दौला यांनी बडा इमामबाडा बांधायला घेतला, तेव्हा मजुरांसाठी मोठाल्या देगी तोंड बंद करून मंद आचेवर ठेवत आणि तिथून ही पद्धत दरबारात गेली, असं सांगतात. झाकण बंद झालं की त्याला हात लावायचा नाही, एवढाच दमाचा नियम. आणि नवशिके नेमकं दर दहा मिनिटांनी उघडून बघतात! कोंडलेली वाफ गेली की वरचा भात टणक राहतो आणि खालचं मटण बुडाला लागतं. मी पातेल्याच्या काठाला कणकेची जाड वळकटी लावते. पहिली दहा मिनिटं मोठी आच, मग खाली जाड लोखंडी तवा सरकवून मंद आचेवर चाळीस मिनिटं, गॅस बंद केल्यावर आणखी पंधरा. कुकरमध्ये दोन शिट्ट्यांत होतो तो मसालेभात. चवीला चांगला असेल, पण त्याला दम बिर्याणी म्हणू नका.

भांडी बाजारातून हौसेनं तांब्याचं पातेलं आणलं असेल तर आधी कल्हई बघा. कल्हई नसलेल्या तांब्यात दही लावलेलं मटण मुरवू नका, आंबटानं तांबं अन्नात उतरतं.

कोल्हापूरचा पांढरा रस्सा फुटतो तो उकळीमुळे. नारळाचं दूध घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, नुसती वाफ दिसली की पुरे. मी मटणाचं अळणी पाणी कोमट होऊ देते, त्यातल्या दोन पळ्या नारळाच्या दुधात मिसळते आणि मग ते दूध पातेल्यात ओतते. फुटलेला रस्सा कॉर्नफ्लोअर लावून सावरायला जाल तर खीर होईल. आणि लाल तिखट नको, झणका मिरी-लवंगेचा.

मटण मऊ व्हावं म्हणून कच्ची पपई: किलोला एक मोठा चमचा, दोन-तीन तास. रात्रभर ठेवलीत तर मटणाचा भुगा होतो.

केवडा थेंबानं मोजा. केशर कोमट दुधात भिजवा, कोरडं भुरभुरवू नका.

काजूची पेस्ट आणि क्रीम ओतून काहीही 'शाही' होत नाही. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात खर्च व्हायचा तो माणसांचा वेळ. आपण तोच वाचवायला बघतो आणि भरपाई म्हणून काजू वाढवतो.

शाही तुकड्याची रबडीही तशीच. लिटरभर दूध तिसऱ्या हिश्शावर येईपर्यंत आटवायचं, कडेची साय खरवडून परत दुधात सोडायची. डब्यातलं आटवलेलं दूध घातलं की फक्त गोडी येते, साईचा दाणा येत नाही. पाव आदल्या दिवशीचा घ्या, तुपात मंद तळा आणि रबडी वाढायच्या दहा मिनिटं आधीच घाला. रात्रीच घालून ठेवलीत तर सकाळी पावाचा लगदा झालेला असतो.