सराफ्यात रात्री फोटो काढताना: लेन्स कोणती, फोकस कुठे

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोनं विकलं जातं आणि रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांपुढे कढया चढतात. छोट्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्याचा ऑटोफोकस जोखायला याहून चांगली जागा नाही. अंधार, वाफ, गर्दी आणि थेट डोळ्यांवर येणारे बल्ब, सगळं एकाच गल्लीत.

आधी नवी लेन्स घ्यायची घाई करू नका. सोनी अल्फा ६४०० सारख्या एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्याबरोबर साधारणपणे १६-५० मिमीची झूम लेन्स येते. तिच्यावरच दोन रात्री फोटो काढा आणि घरी आल्यावर प्रत्येक फोटोची फोकल लेंथ बघा (मिमीतला आकडा; तो जितका मोठा, तितकं दृश्य जवळ येतं). माझे निम्म्याहून जास्त फोटो ३५ मिमीच्या आसपास निघाले. गल्ली अरुंद, त्यामुळे ठेल्यापासून दोन पावलांपलीकडे मागे सरकताच येत नाही. म्हणून मी ३५ मिमी एफ १.८ घेतली. एफचा आकडा म्हणजे ॲपर्चर, लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं. या सेन्सरवर ती फुलफ्रेमच्या (जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) साधारण ५२ मिमीइतकं दृश्य दाखवते. मागे सरकायला जागा असेल आणि चेहरेच टिपायचे असतील, तर ५६ मिमी बघा.

झूम पूर्ण लांबवली की तिचं ॲपर्चर एफ ५.६ वर येतं. एफ १.८ ला त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. फोकस शोधायला सेन्सरला प्रकाशच लागतो. तो कमी पडला की लेन्स पुढे-मागे चाचपडत बसते, आणि आपण उगाच कॅमेऱ्याला शिव्या देतो.

आता सेटिंग. फोकस मोड एएफ-सी (सतत फोकस) ठेवा, म्हणजे माणूस हलला तरी फोकस त्याच्यामागे जातो. फोकसची चौकट मात्र लहान करा. हे मी चुकून शिकलो. काकू गराडूची (तळलेल्या कंदाची) प्लेट घेऊन उभ्या होत्या, चौकट अख्ख्या फ्रेमभर पसरलेली, आणि घरी येऊन बघतो तर मागची बल्बांची माळ अगदी लख्ख, काकू धुरकट. "फोटो माझा काढलास की दिव्यांचा?" हे त्या अजून विचारतात! माणूस समोर असेल तर आय-एएफ चालू करा. तो डोळा धरतो. कढईच्या वाफेपुढे मात्र चौकट स्वतः हलवून कढईच्या काठावर ठेवा, कारण फोकसला ठळक कडा लागते आणि वाफेला ती नसते.

हवेत उडवलेला दहीवडा टिपायचा असेल, तर शटर १/५०० सेकंद आणि ऑटो आयएसओची (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील, त्याची) कमाल मर्यादा ६४००. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, वडा नाही. वड्याचा दोणा (द्रोण) हवेत गेल्यावर त्याच्यामागे धावू नका. विक्रेत्याच्या हातावर आधीच फोकस धरा, शटर अर्धवट दाबून ठेवा आणि दोणा सुटताच सलग फोटो घ्या. दहातले दोन जमले तरी पुष्कळ.

एफ १.८ वर दीड मीटरवरच्या माणसाचा जेमतेम वीतभर पट्टाही धारदार येत नाही. मागेपुढे दोघं उभे असतील तर ॲपर्चर एफ ४ करा.

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत, लेन्स बदलायची नाही. जी लावायची ती घरूनच लावून निघा. गुलाल एकदा सेन्सरवर बसला की फुंकर मारून जात नाही.