साध्या मजकुराच्या एडिटरमध्ये संदर्भ आणि संदर्भसूची कशी बसवावी

सुरुवातीलाच ठरवून टाका, संदर्भांचं फॉरमॅटिंग तुमचा एडिटर करणार नाही. आडनाव, स्वल्पविराम, वर्ष, तिरपं शीर्षक एवढंच तर आहे असं वाटतं आणि माणूस कोड लिहायला बसतो. मग तीन लेखक, संपादित ग्रंथातलं प्रकरण, वर्ष नसलेला अहवाल असे एकेक पाहुणे यायला लागतात. ही डोकेदुखी आधीच कुणीतरी निस्तरून ठेवली आहे. संदर्भ कसे मांडायचे याचे नियम लिहिण्यासाठी सीएसएल नावाचं खुलं फॉरमॅट आहे, त्यात दहा हजारांहून जास्त शैली तयार आहेत आणि त्या चालवणारी इंजिनंही आहेत. जावास्क्रिप्टमध्ये काम असेल तर सिटप्रॉक-जेएस घ्या, नाहीतर पॅनडॉक हे दस्तऐवज एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणारं साधन, त्यात २.११ आवृत्तीपासून हे इंजिन आतच येतं. माझा मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर सजवण्याची पद्धत) एडिटर इलेक्ट्रॉन या जावास्क्रिप्टच्या चौकटीवर चालतो, म्हणून मी पहिलं घेतलं.

मजकुरात संदर्भ दाखवणाऱ्या खुणेची पद्धतही स्वतः शोधू नका, पॅनडॉकची उचला. [@कुलकर्णी२०२०, पृ. ४२] असं लिहिलं की कंसातला संदर्भ मिळतो. चौकटी कंस काढले की लेखक वाक्यात येतो आणि वर्ष कंसात जातं. लेखकाचं नाव वाक्यात आधीच आलं असेल तर [-@कुलकर्णी२०२०] लिहायचं, म्हणजे फक्त वर्ष उरतं. स्वल्पविरामानंतरचं ‘पृ. ४२’ इंजिनाला जसंच्या तसं देऊ नका. ‘पृ.’, ‘खंड’, ‘प्रकरण’ या शब्दांची छोटी सारणी ठेवा आणि प्रकार व आकडा वेगळे करून द्या.

आता खूण ओळखणं. कोडच्या चौकटी आणि ईमेल पत्ते वगळायचे हे लगेच सुचतं. आपल्या लिपीत खरी मेख पुढे आहे. रेगेक्समध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधण्याच्या सूत्रात, ‘युनिकोड अक्षर’ हा वर्ग वापरला की काम झालं असं वाटतं, पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांची गणना युनिकोड अक्षरांत करत नाही. त्यांचा वर्ग ‘मार्क’ असा वेगळा आहे. परिणामी ‘कुलकर्णी२०२०’ची खूण ‘क’वरच तुटते आणि एडिटर म्हणतो, अशी नोंद नाही. अक्षर, मार्क आणि अंक असे तिन्ही वर्ग घ्या. मजकुरातली खूण नोंदीशी ताडण्याआधी दोन्ही बाजूंना एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणं) लावा, कारण ‘ऱ’ एका कोडनेही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. डोळ्यांना फरक दिसत नाही, कोडला दिसतो. कॉपी-पेस्टमधून येणारा झेडडब्ल्यूजे हा अदृश्य जोडवर्ण तर एनएफसीही काढत नाही, तो तुलनेपुरता स्वतः गाळा.

नोंदींसाठी वेगळा डेटाबेस उभारू नका. लोक संदर्भ साठवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरतात. बेटर बिबटेक हे प्लगिन जोडलं की सगळ्या नोंदींची सीएसएल जेसन फाइल आपोआप ताजी होत राहते. तुमचा एडिटर त्या फाइलवर नजर ठेवेल. फाइल अर्धवट लिहिलेली असताना वाचली गेली तर पार्सिंग फसतं, म्हणून नवी यादी नीट वाचली जाईपर्यंत जुनी टाकू नका. संस्था लेखक असेल तर नाव ‘लिटरल’ या फील्डमध्ये हवं, नाहीतर मंडळाचंही आडनाव शोधलं जातं.

@ टाइप केल्यावर उघडणारी यादी शीर्षक आणि लेखक यांतही शोधू द्या. नुसती खूण कुणाच्या लक्षात राहते!

प्रिव्ह्यूबद्दल मात्र सावध राहा. एकेक संदर्भ सुटा रेंडर करता येत नाही. एकाच लेखकाची एकाच वर्षातली दोन पुस्तकं आली की २०२०अ, २०२०ब करावं लागतं, आणि ते सगळा दस्तऐवज पाहिल्याशिवाय ठरत नाही. क्रमांकाच्या शैलीत मध्ये एक संदर्भ घातला की पुढचे सगळे आकडे सरकतात. म्हणून इंजिनाला नेहमी सगळे संदर्भ क्रमाने द्या, आणि टायपिंग थांबल्यावर थोडा वेळ जाऊ देऊन मगच.

शैलीची फाइल उघडून दिली तरी काहीच उमटत नाही, अशी तक्रार हमखास येते. सीएसएल शैलींच्या भांडारातल्या बऱ्याच फाइली परावलंबी असतात. आत नियम नसून मूळ शैलीचा पत्ता असतो. तो वाचून मूळ फाइल आणणं एडिटरचं काम. ‘आणि’, ‘व इतर’, ‘संपा.’ हे शब्द लोकॅलमधून, म्हणजे त्या त्या भाषेच्या शब्दांच्या फाइलमधून येतात, आणि शैलीच्या फाइलमध्येच लोकॅलचा छोटा भाग घालून ते बदलता येतात.

सूचीचा क्रम निव्वळ युनिकोडच्या आकड्यांवर सोडलात तर ‘ळ’ लगेच ‘ल’नंतर येतो आणि ‘क्ष’ ‘क’मध्ये शिरतो. क्रमासाठी मराठीचा कोलेटर, म्हणजे भाषेच्या वर्णक्रमाने लावणारं साधन, वापरा. वर्षं देवनागरी अंकांत हवी असतील तर बदल अगदी शेवटी करा, आणि डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) व दुवे त्यातून वगळा. त्यांतला एक अंक बदलला तरी पत्ता चुकतो.

नोंद न सापडलेला संदर्भ गुपचूप गाळू नका. खूण ठळक करून पुढे प्रश्नचिन्ह छापा, पॅनडॉकही तेच करतं. एक्स्पोर्ट करताना अशा खुणांची यादी ओळ क्रमांकांसह दाखवा, आणि ‘तरीही पुढे जा’ हे बटण जरा लहानच ठेवा.