भूजल शुद्धीकरण: ऑक्सिडंट जमिनीत सोडण्याआधी या चुका टाळा

दूषित भूजलात परमँगनेट किंवा परसल्फेटसारखं ऑक्सिडंट, म्हणजे प्रदूषकाचं ऑक्सिडीकरण करून ते तोडणारं रसायन, सोडायचं, नाहीतर पाणी उपसून इलेक्ट्रोडमधून फिरवायचं, आणि महिन्याभरात अहवाल स्वच्छ हवा. पी हळद नि हो गोरी! या कामात नव्याने आलेल्या बहुतेकांची घाई अशीच असते, आणि त्यांच्या चुकाही ठरलेल्याच असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डोस पाण्यावरून काढणं आणि मातीला विसरणं. एक घनमीटर संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेली, माती घ्या. सच्छिद्रता (मातीतल्या पोकळ्यांचा वाटा) 30 टक्के धरली तर तिच्यात 300 लिटर पाणी असतं. त्यात लिटरमागे 5 मिलिग्रॅम ट्रायक्लोरोएथिलीन (ग्रीस काढायला वापरतात ते द्रावक) असेल तर एकूण दीड ग्रॅम होतं. रासायनिक समीकरणाप्रमाणे एक ग्रॅमला साधारण 2.4 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट लागतं, म्हणजे साडेतीन-पावणेचार ग्रॅममध्ये काम झालं. कागदावर! त्याच घनमीटरात सुमारे 1700 किलो मातीही आहे. तिच्यातले सेंद्रिय पदार्थ आणि लोह-सल्फाइडसारखी खनिजं किलोमागे फक्त 2 ग्रॅम परमँगनेट खात असतील, तरी 3.4 किलो मातीतच जिरतं. फरक जवळजवळ हजारपट.

हे मी एका जागेवर डोळ्यांनी पाहिलंय. यंत्रांच्या भागांवरचं ग्रीस काढण्याच्या टाकीतून द्रावक वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं होतं. तरुण सहकाऱ्याने पाण्याच्या नमुन्यांवरून सुबक तक्ता केला होता, आणि मातीच्या चाचणीत दोन आठवडे जातील म्हणून ती वगळू या, असा त्याचा आग्रह होता. मी मान डोलावली, ते आजही सलतं. तीन आठवडे झाले तरी तीन मीटरवरच्या निरीक्षण विहिरीत परमँगनेटची गुलाबी छटासुद्धा दिसेना. शेवटी मातीचा गाभा, म्हणजे थरांसकट उभा नमुना, काढला. इंजेक्शनच्या विहिरीलगतची माती, परमँगनेट खर्च झाल्यावर उरणाऱ्या मँगनीज डायऑक्साइडने गडद तपकिरी झालेली, मधे काळसर सेंद्रिय थर, आणि त्यापलीकडे जशीच्या तशी राखाडी माती. सगळा माल त्या थरानेच संपवला होता. रसायन पुन्हा आणावं लागलं, विहिरी पुन्हा माराव्या लागल्या. दोन आठवडे वाचवायला गेलो आणि हंगाम घालवला.

तेव्हापासून संपृक्त थरातलीच माती आणून बाटल्यांत वेगवेगळ्या मात्रेचं परमँगनेट घालून ठेवतो. प्रमाणित चाचणी 48 तासांची आहे, मी त्या बाटल्या आठवडाभर ठेवतो. दुसऱ्या दिवशी शाईसारखं जांभळं असलेलं पाणी सातव्या दिवशी तपकिरी झालेलं अनेकदा पाहिलंय. ज्यांना सात दिवस थांबवत नाही त्यांनी जमिनीत काही सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक विजय लवकर जाहीर करण्याची. विहिरीत ऑक्सिडंट शिल्लक असताना नमुना घेतला तर प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासात बाटलीतही अभिक्रिया चालूच राहते. मग अहवालात येणारा ‘आढळले नाही’ हा शेरा त्या बाटलीबद्दल असतो, जमिनीबद्दल नाही. अशा वेळी नमुना घेतानाच ॲस्कॉर्बिक आम्ल घालून उरलेला ऑक्सिडंट मारावा लागतो. त्यातही इंजेक्शनच्याच विहिरीतून नमुना घेणाऱ्यांना काय म्हणावं! शिवाय चिकणमातीत मुरलेलं द्रावक वाळूत हळूहळू परत झिरपतं, आणि तीन-चार महिन्यांनी आकडे पुन्हा चढतात. मी रंग पूर्ण गेल्यावरच मोजायला सुरुवात करतो, आणि पाण्याची पातळी वर असताना एकदा, खाली असताना एकदा मोजल्याशिवाय सही करत नाही.

बेंझिनवर परमँगनेट जवळजवळ चालत नाही, तिथे सक्रिय केलेलं परसल्फेट लागतं. आणि ते सक्रिय करायला उष्णता, लोह किंवा 10.5 च्या वरचा सामू हवा. नुसतं ओतून बसू नका.

बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल्स (सक्रिय केलेल्या ऑक्सिडंटमधून निघणारे, प्रदूषक तोडणारे अतिक्रियाशील कण) प्रदूषकापर्यंत पोचण्याआधीच खर्च होतात, तेही आधी मोजा.

इलेक्ट्रोडच्या कामात लोक व्होल्टेजचं बटण फिरवतात आणि क्लोराइड तपासत नाहीत. ॲनोडवर (धन इलेक्ट्रोडवर) क्लोराइडचं क्लोरीन होतं, पुढे क्लोरेट, आणि बोरॉन-डोप्ड (बोरॉन मिसळलेल्या) हिऱ्याचा ॲनोड असेल तर परक्लोरेटही, आणि ही दोन्ही आरोग्याला घातक. मूळ प्रदूषक गेलं म्हणून आनंद मानायचा आणि पाण्यात परक्लोरेट सोडायचं, हे शुद्धीकरण नव्हे. मी क्लोराइडचा आकडा हातात आल्याशिवाय ॲनोड निवडत नाही. पाणी जड असेल तर कॅथोडजवळ (ऋण इलेक्ट्रोडजवळ) सामू चढून कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. विद्युतप्रवाह तोच ठेवूनही व्होल्टेज रोज थोडं चढत असेल तर आधी कॅथोड उघडून पाहा. ध्रुव उलटे करून थर सुटतो, पण दोन्ही इलेक्ट्रोड त्यासाठी बनवलेले असतील तरच. धातू-ऑक्साइडचा लेप असं करून लवकर झिजतो.

ऑक्सिडंट सोडण्याआधी मातीतलं क्रोमियम तपासा. तुलनेने निरुपद्रवी त्रिसंयुज क्रोमियम ऑक्सिडीकरणाने विषारी, पाण्यात वाहणारं षट्संयुज होतं.

आणि सांडलेल्या संहत सोडियम परमँगनेटवर थेट थायोसल्फेट कधीही टाकू नका. आधी भरपूर पाण्याने विरळ करा, मगच थायोसल्फेटसारखं क्षपणक (ऑक्सिडंट मारणारं रसायन) घाला. संहत द्रावणावर टाकलं तर इतकी उष्णता निघते की ते उसळून अंगावर येतं.