अनुवंशाचे नाटक कसे बसवावे: सीमाभागातील हौशी नाट्यमंडळींसाठी

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकरांच्या मागावर वाढलेल्या माणसाला ‘तायियंते मगळु, नूलिनंते सीरे’ ही कानडी म्हण समजावून सांगावी लागत नाही. आई तशी मुलगी, सूत तसे लुगडे. मराठीत आपण ‘खाण तशी माती’ म्हणतो आणि विषय संपवतो. निसर्गवादी नाटक, म्हणजे माणसाच्या वागण्याची कारणे अनुवंशात आणि परिस्थितीत शोधणारे नाटक, मात्र जिथे ही म्हण संपते तिथूनच सुरू होते. मुलगा बापाच्या वळणावर गेला असेल, तर ते वळण रक्तातून आले, घरात पाहून आले, की लोकांनी लहानपणापासून ‘तू बापावरच गेलास’ असे ऐकवल्यामुळे आले, हा त्या नाटकाचा प्रश्न असतो. असे नाटक बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या हौशी मंडळाने बसवायला घेतले, तर काय करावे आणि काय टाळावे, हे अनुभवाच्या आधारे येथे लिहीत आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. आपल्या जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले अण्णासाहेब किर्लोस्कर १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगमंचावर आणत होते. त्याच दोन वर्षांच्या मध्ये, १८८१ साली, नॉर्वेचा नाटककार हेन्रिक इब्सेन याचे ‘गेंगांगेरे’ (इंग्रजीत ‘घोस्ट्स’) हे नाटक छापून निघाले. एका बाजूला नांदीपासून भरतवाक्यापर्यंत पदांनी भरलेली रंगभूमी, आणि दुसऱ्या बाजूला एका पावसाळी दिवाणखान्यात बसून मृत बापाचा हिशेब मांडणारी चार-पाच माणसे. फ्रान्समध्ये कादंबरीकार एमिल झोला याने त्याआधीच आग्रह धरला होता की शरीरशास्त्रज्ञ जसा देहाचा अभ्यास करतो तसा लेखकाने माणसाचा करावा, आणि त्या अभ्यासात अनुवंश व परिस्थिती या दोन्हींना जागा द्यावी. आंद्रे आंत्वान याने १८८७ मध्ये पॅरिसला ‘थिएटर लिब्र’ सुरू केले आणि पुढच्याच वर्षी एका नाटकात खाटकाच्या दुकानासाठी रंगमंचावर खरे मांस टांगले. ही हकिगत सांगताना लोक खऱ्या मांसावरच थांबतात. परंतु वस्तू खरी असावी हा आग्रह कारणे खरी असावीत या मोठ्या आग्रहाचा एक भाग होता, हे दिग्दर्शकाने विसरू नये.

तालीम सुरू करण्यापूर्वी संहिता दोनदा वाचावी, आणि दुसऱ्या वाचनाला हातात वही घ्यावी. वहीत प्रथम वंशावळ काढावी, तीही केवळ संहितेत जे आहे तेवढ्यावरूनच. मग प्रत्येक पात्रासमोर तीन रकाने करावेत: देहातून आलेले, पाहून शिकलेले, आणि इतरांनी त्याच्यावर लादलेले. तिसरा रकाना बहुतेक मंडळी विसरतात, आणि नाटक तिथेच चपटे होते.

‘गेंगांगेरे’चेच उदाहरण घेऊ. ऑसवाल्ड या मुलाला आईने सातव्या वर्षीच घराबाहेर पाठवले, कारण बापाच्या व्यसनी घराची सावलीही त्याच्यावर पडू नये अशी तिची इच्छा होती. म्हणजे नाटककाराने प्रयोगशाळेत करतात तसे एक कारण मुद्दाम बाजूला काढले आहे. तरीही मुलगा परत येतो तो बापाची पाइप तोंडात धरून, आणि त्याला पाहून पाद्री मँडर्स दचकतो. त्याला मृत बापच समोर उभा दिसतो. येथे रकाना कोणता? घाईने ‘देहातून’ असे लिहू नका. थोडे पुढे ऑसवाल्ड सांगतो की लहानपणी बापाने त्याला मांडीवर बसवून तीच पाइप ओढायला लावली होती आणि त्याला मळमळून आले होते. म्हणजे घर सोडण्यापूर्वीची एक आठवण तेवढी त्याच्या देहात राहिली आहे, आणि उरलेले काम मँडर्सची नजर करते. पाइपची ती एक जागा तिन्ही रकान्यांत बसते. ती नटाला नीट समजावून दिली, तर पुढच्या दोन अंकांचे निम्मे काम होते, असे माझे मत आहे.

रेगिने या मोलकरणीचा मामला याच्या उलट आहे. आपण त्याच बापाची मुलगी आहोत हे कळल्यावर ती म्हणते की ऑसवाल्ड बापावर गेला असेल, तर मी माझ्या आईवर गेले असेन. हे वाक्य नटीने खंतावून म्हणू नये. रेगिने येथे अनुवंशाची ढाल करून घराबाहेर पडण्याची वाट काढत आहे. आपल्याकडेही ‘आमच्या घराण्यातच राग आहे’ असे सांगून माणसे आपल्या वागण्यातून सुटतात, आणि ते सांगताना त्यांचा आवाज चढलेला असतो, खाली आलेला नसतो.

आता वैद्यकाचा भाग, कारण येथे चूक झाली तर प्रेक्षकांतील एखादी परिचारिकासुद्धा हसेल. ऑसवाल्डच्या रोगाचे नाव इब्सेन कुठेही घेत नाही. तो उपदंश (सिफिलिस) आहे हे संदर्भावरून समजते. त्या काळी हा रोग बापाकडून मुलाकडे थेट उतरतो असे डॉक्टरही मानत. रोगाचा जंतू १९०५ मध्ये सापडला, आणि जन्मजात उपदंश गर्भाला आईकडून होतो हे आज निश्चित आहे. म्हणजे तो आनुवंशिक नव्हे, संसर्गजन्य आहे. आणि मुलाला जन्मतः असेल तर आईलाही तो झालेला असला पाहिजे, जरी तिच्यात वर्षानुवर्षे लक्षणे दिसली नाहीत तरी. म्हणून पत्रिकेवर ‘आनुवंशिक रोगाचे भयाण नाट्य’ असले काही छापू नये. संवादात मात्र दुरुस्ती करू नये. पात्रांचे अज्ञान त्यांच्या काळाचे आहे, ते तसेच राहू द्यावे; ज्या प्रेक्षकाला आजचे शास्त्र माहीत आहे त्याला आईकडे पाहताना आणखी एक प्रश्न पडेल, आणि तो पडलेला बरा.

अनुवंश रंगमंचावर दाखवायचा तो पुनरावृत्त कृतीतून, आणि ती कृती लहान असावी. हे मी चुकून शिकलो. खानापूर तालुक्यातील एका गावी आम्ही एक कौटुंबिक एकांकिका केली. तिच्यात आजोबा अडकित्त्याने सुपारी कातरताना बोलणे अर्धवट सोडतात आणि कातरून झाल्यावर पूर्ण करतात, असे आम्ही बसवले होते. शेवटी नातू तसेच करतो. नातवाचे काम करणाऱ्या मुलाने उत्साहाने आजोबांची मानही हलवली, खाकरलाही, आणि डोळेही तसेच बारीक केले. प्रेक्षागृहात हशा पिकला, कारण लोकांना नक्कल दिसली, वारसा दिसला नाही. दुसऱ्या प्रयोगात आम्ही त्याच्या हातात फक्त अडकित्ता ठेवला. सुपारी नव्हतीच. तो बोलता बोलता थांबला, रिकामा अडकित्ता एकदा मिटला, आणि वाक्य पुढे नेले. या वेळी कोणी हसले नाही. पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध बाईंनी मात्र शेजारणीचा हात धरला, तो मी विंगेतून पाहिला.

तेव्हापासून मी नटांना सांगतो की पूर्वजाची एकच गोष्ट उचला आणि तीही अपुरी करा. ही रीत जुन्या नाटककारांनीच घालून दिली आहे. स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्ग याच्या १८८८ मधील ‘मिस ज्युली’त नायिकेचा सरदार बाप एकदाही दिसत नाही, स्वयंपाकघरात त्याचे बूट असतात आणि त्याची घंटा असते, आणि तेवढ्यावर नोकराची पाठ वाकते. इब्सेनच्या ‘हेड्डा गाबलर’ या नाटकातील हेड्डापाशी बापाची पिस्तुले आहेत आणि भिंतीवर त्याची तसबीर आहे. आपल्या घरात तसबीर असतेच, त्यामुळे ती लावून काही साधत नाही, तिच्याकडे प्रेक्षक बघतही नाहीत. पानाचा डबा, जमाखर्चाची लाल वही, निपाणीच्या तंबाखूचा वास राहिलेले गोणपाट, यांतले काही शोधा.

‘मिस ज्युली’ बसवणाऱ्याने तिची प्रस्तावना अवश्य वाचावी. ज्युलीच्या नाशाची कारणे स्ट्रिंडबर्ग तेथे एकामागून एक मोजतो: आईची मूळ प्रवृत्ती, बापाने दिलेले चुकीचे वळण, तिचा स्वतःचा पिंड, वाग्दत्त वराचा प्रभाव, उन्हाळ्यातील सणाची रात्र, बापाची गैरहजेरी, नाचाची धुंदी, फुलांचा वास, आणि तिला व त्या नोकराला एका खोलीत लोटणारा योगायोग. या यादीत अनुवंश पहिला आहे, पण एकटा नाही. तालमीत प्रत्येक दिवशी यातले एकच कारण खरे मानून प्रवेश करून पाहावा. पाच-सहा दिवसांनी नटांच्या अंगात ती सगळी एकत्र येऊ लागतात, आणि मग कुणालाही ‘हिचे रक्तच तसे’ असे म्हणावेसे वाटत नाही.

मराठी नाटकांकडे वळताना एक भेद लक्षात ठेवावा. ‘एकच प्याला’तील सुधाकराच्या व्यसनाला गडकऱ्यांनी घराणे जबाबदार धरलेले नाही, अपमान, अहंकार आणि पहिला प्याला एवढीच कारणे त्यांना पुरली. तेथे ओढून ताणून वंशावळ काढू नये. तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’त मात्र भावाला बुडवणारा बाप आणि त्या बापाला ओरबाडणारी मुले समोरासमोर आहेत, आणि त्याच बापाचा अनौरस मुलगा रजनीनाथ त्या लोभापासून बाजूला उभा आहे. रक्त तेच, घर वेगळे; तो गॅरेजमध्ये राहतो. रजनीनाथाला केवळ हळवा कवी करून टाकले तर नाटकातला हा पुरावा हातचा जातो. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त वारशाने येते ती वास्तू, कर्ज आणि प्रतिष्ठा, आणि गंजत पडलेला ट्रॅक्टर संवादांपेक्षा जास्त बोलतो. या दोन्ही नाटकांच्या प्रयोगासाठी परवानगी लागते. इब्सेन मुक्त आहे, पण त्याचा अनुवादक मुक्त असेलच असे नाही, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

आपल्या भागातला एक विषय मात्र अजून कोणी नीट हाताळलेला मला दिसला नाही. जर्मन नाटककार गेरहार्ट हाउप्टमान याच्या १८८९ मधील ‘सूर्योदयापूर्वी’ या नाटकात लोट नावाचा सुधारक तरुण, हेलेनेच्या घराण्यात दारू आहे हे कळताच तिला सोडून निघून जातो, आणि ती जीव देते. तिला अनुवंश मारत नाही, अनुवंशावरचा त्याचा विश्वास मारतो. सोयरीक जमवताना ‘घराण्यात काही आहे का?’ हा प्रश्न आपल्याकडे चहाचा कप खाली ठेवत, हलक्या आवाजात विचारला जातो. आजोळ कानडी आणि घर मराठी असलेल्या मुलीच्या बाबतीत तो दोन भाषांत विचारला जातो, आणि उत्तरही दोन तऱ्हांचे मिळते. नवी संहिता लिहिणाऱ्याने येथून सुरुवात करावी. त्या मुलीच्या तोंडी आजीला ‘अज्जी’ म्हणणे आले, तर तेही वारसाच आहे, आणि त्याचा रक्ताशी काहीही संबंध नाही.

नेपथ्याविषयी थोडेच सांगतो. ‘गेंगांगेरे’त मागे काचेतून पावसात बुडालेला प्रदेश दिसतो, आणि खानापूरकडच्या प्रेक्षकाला आठवडाभर न थांबणारा पाऊस शिकवावा लागत नाही. रूपांतर करायचे तर ते आषाढ-श्रावणात, मंगळुरी कौलांच्या घरात करावे. पहिल्या अंकाच्या शेवटी शेजारच्या खोलीत खुर्ची पडते आणि रेगिनेचा दबका आवाज येतो. ती खुर्ची विंगेत खरोखर पाडावी. ध्वनिमुद्रित आवाज कर्ण्यातून येतो, आणि आईच्या चेहऱ्यावरची भीती भलत्याच दिशेला वळते.

शेवटच्या प्रवेशात उघडीप होते. ऑसवाल्ड खिडकीकडे पाठ करून खुर्चीत निश्चल बसलेला असतो आणि सूर्य मागत राहतो. रोगाचा झटका आला तर जीव संपवण्यासाठी त्याने आधीच साठवलेल्या मॉर्फिनच्या पुड्या आईच्या हाताशी असतात. ती देते की नाही, हे इब्सेनने लिहिलेले नाही. दिग्दर्शकानेही ठरवू नये, आणि नटीला तर मुळीच सांगू नये. उजेड हळूहळू वाढवावा, पार्श्वसंगीत घालू नये, आणि आई एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे अशी असतानाच पडदा पाडावा. पडदा ओढणाऱ्याला ही खूण रंगीत तालमीत चार वेळा करायला लावावी, कारण तो नेहमी टाळ्यांची वाट पाहतो.