मलावीची न्सिमा : शिजवण्याची आणि वाढण्याची रीत

दिवसभरात दुसरे काहीही पोटात गेले, तरी न्सिमा खाल्ल्याखेरीज जेवण झाले असे आफ्रिकेतील मलावी या देशात सहसा मानत नाहीत. पांढऱ्या मक्याच्या पिठाच्या या घट्ट लापशीची पाकपरंपरा युनेस्कोने 2017 साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली. मका मात्र तेथील मूळचा नव्हे. तो अमेरिका खंडातून आला आणि त्याआधी हीच लापशी ज्वारी-बाजरीवर्गातील धान्यांची होत असे.

पीठ पांढऱ्या मक्याचे आणि बारीक दळलेले असावे. आपल्याकडील पिवळ्या मक्याचे पीठ चालते, परंतु चव व रंग बदलतो. दुकानात 'कॉर्नफ्लोअर' म्हणून मिळणारी भुकटी हा निव्वळ स्टार्च असल्यामुळे ती येथे अजिबात वापरू नये. चार जणांसाठी साधारण एक लिटर पाणी आणि 400 ग्रॅम पीठ घ्यावे. मीठ घालत नाहीत.

पाणी कोमट झाले की, उकळी येण्यापूर्वीच, पिठाचा चौथा हिस्सा त्यात हळूहळू सोडून सतत ढवळावे. उकळत्या पाण्यात पहिले पीठ वैरले, तर कणांचा बाहेरचा थर तत्काळ शिजून आतले पीठ कोरडे राहते आणि गुठळ्या होतात. मिश्रण उकळले की सरसरीत पेज तयार होते. तिला 'फाला' म्हणतात आणि ती सकाळी नुसतीही पितात. झाकण ठेवून ती पाच-सात मिनिटे मंद आचेवर रटरटू द्यावी. शिंतोडे चांगलेच भाजतात, म्हणून झाकण काढताना हात दूर ठेवावा. मग उरलेले पीठ मूठ-मूठ वैरत 'मथिको' या लांब लाकडी दांड्याने, भांड्याच्या कडेवर दाबत, जोर लावून घोटावे. खरे कष्ट येथेच आहेत आणि भाकरीची उकड घोटणाऱ्यांना ते निराळे सांगायला नकोत. गोळा कडा सोडू लागला की पुन्हा दोन-तीन मिनिटे वाफ आणावी.

वाढण्यासाठी 'चिपांडे' हा लाकडी पळा पाण्यात बुडवून न्सिमा उचलतात आणि गुळगुळीत लांबट वड्या ताटात एकीवर एक ठेवतात. सोबत 'न्दिवो' म्हणजे कालवण हवेच. मलावी सरोवरातील चांबो किंवा सुकवलेले लहान उसिपा मासे, घेवड्याच्या दाण्यांची उसळ, अथवा शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली भोपळ्याच्या पानांची भाजी (आमची पसंती या भाजीला) असे ते असते. जेवणाआधी हातांवर पाणी घालतात. मग उजव्या हाताने लहान घास तोडून तळव्यात वळायचा, अंगठ्याने त्याला खळगा पाडायचा आणि त्यात कालवण उचलून खायचे. न्सिमा थंड होताच घट्ट होऊन तिच्यावर साय धरते, म्हणून कालवण आधी तयार ठेवून मगच ती रांधायला घ्यावी.