वर्दीतला खुनी: कमी खर्चाच्या स्लॅशरपटात या चुका टाळा

स्लॅशरपटात, म्हणजे एक खुनी एकामागून एक माणसे मारत सुटतो अशा भयपटात, पोलिसालाच खुनी करायचे ठरवणारे नवे दिग्दर्शक पहिली चूक संहितेतच करतात, ती म्हणजे पहिल्या दृश्यापासून तो क्रूर दिसतो. विश्वास बसलाच नाही, तर त्याचा घात कसा होणार? विल्यम लस्टिग यांनी लॅरी कोहेन यांच्या पटकथेवरून केलेला १९८८चा ‘मॅनियॅक कॉप’ यासाठी बारकाईने पाहावा. न्यूयॉर्कमध्ये रात्री गुंडांच्या तावडीतून निसटलेली तरुणी पोलीस दिसताच आशेने त्याच्याकडे धावते आणि तोच तिचा जीव घेतो. पुढे ही भीती शहरभर पसरते, तेव्हा घाबरलेली एक बाई एका निरपराध पोलिसावरच गोळी झाडते. माझ्या मते चित्रपटातले सर्वांत भेदक दृश्य हेच आहे, आणि त्यात खुनी नाहीच. खुनांची संख्या वाढवण्यात पैसे घालण्यापेक्षा असा एक प्रसंग लिहावा.

दुसरी चूक चेहऱ्याची. ‘मॅनियॅक कॉप’मधला खुनी पोलीस, म्हणजे रॉबर्ट झडार यांनी साकारलेला कॉर्डेल, बराच वेळ अंधारातच राहतो. आपल्याकडे मात्र मेकअपवर खर्च झाला म्हणून तो लगेच दाखवण्याचा मोह होतो आणि झगझगीत उजेडात रबर उघडे पडते. गडद निळा गणवेश रात्रीच्या चित्रीकरणात काळोखात मिसळून जातो, तेव्हा समोरून उजेड वाढवू नये, कारण त्याने सगळेच सपाट होते. एक दिवा मागून, उंचावर लावावा. टोपीची कड, खांदे आणि बिल्ला एवढेच उजळले तरी माणूस उभा राहतो.

गणवेश एकच शिवला, तर रक्ताचा डाग पडल्यावर आधीचे दृश्य पुन्हा घेता येत नाही. दोन जोड शक्य नसतील, तर स्वच्छ गणवेशाची सगळी दृश्ये आधी उरकावीत.

खुनी असा का झाला, हे थोडक्यात सांगावे. कॉर्डेलला सिंग सिंग तुरुंगात कैद्यांच्या हल्ल्याला तोंड द्यावे लागले, एवढ्याने त्याचा राग समजतो.

रस्त्यावर चित्रीकरण करायचे असेल, तर आवश्यक परवानगी घेऊन स्थानिक पोलीस ठाण्याला आधी कळवावे आणि दोन शॉटच्या मधल्या वेळेत नटाला वर्दीवर जाकीट घालायला सांगावे. एखादा वाटसरू खरोखरच मदत मागायला त्याच्याकडे धावत येऊ शकतो.