काउन्सेलिंगचं एमए करताय? मग या चुका टाळा

जून-जुलै आला की फोन सुरू होतात, ताई, सायकॉलॉजीत बीए झालं, आता शाळेत काउन्सेलर व्हायचंय, कुठला कोर्स करू? मी बरीच वर्षं शाळेत आणि वस्तीत हेच काम करतेय, एमएच्या मुली इंटर्नशिपला माझ्याकडे येतात, आणि त्याच त्या चुका दरवर्षी दिसतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिली चूक ऍडमिशनच्या वेळीच होते. कोर्सचं नाव, फी, हॉस्टेल सगळं विचारतात पण खरे प्रश्न विचारतच नाहीत, की दोन वर्षांत खऱ्या माणसांसमोर किती तास बसायला मिळणार आणि त्या तासांवर सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसाकडून आपलं काम तपासून मिळणारं मार्गदर्शन, कोण देणार. ऍडमिशन ऑफिसला सांगता येत नसेल तर सीनियर मुलींना गाठा, त्या खरं सांगतात. घरबसल्या एमए करू म्हणणाऱ्यांनी तर नीट ऐका, २०२५-२६ पासून डिस्टन्स आणि ऑनलाइन पद्धतीने सायकॉलॉजीचे कोर्स चालवायला यूजीसीने मनाई केलीये, त्यामुळे कुणी 'सीट शिल्लक आहे' म्हणून फोन करत असेल तर पैसे भरू नका. आधीच डिस्टन्सने झालं असेल तर पदवी बाजूला ठेवा आणि वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली प्रत्यक्ष काम करा, खरी कमतरता तिथेच राहिलेली असते. अजून एक, काउन्सेलिंगचं एमए म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नव्हे. त्यासाठी आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) मान्यता असलेला कोर्स आणि नोंदणी लागते, नुसत्या एमएवर दारावर तशी पाटी लावू नका.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. माझ्याकडची एक इंटर्न, अतिशय मायाळू मुलगी, सातवीतली एक पोर तिच्यासमोर नुसती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली, काही बोलेना, तेव्हा हिने तिला जवळ घेऊन सांगितलं, 'तू सांग, मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगणार नाही.' आणि पोरीने सांगितलं, घरातल्याच माणसाबद्दल. इंटर्न माझ्याकडे आली तेव्हा तिचे हात थरथरत होते, कारण पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावंच लागतं, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणून आपली जबाबदारी संपत नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत, मूल काही बोलायच्या आधी, साध्या शब्दांत सांगायचं की तू बोलशील ते आपल्या दोघींत राहील, पण तुला कुणी त्रास देत असेल किंवा तुझ्या जिवाला धोका असेल तर मी मदतीला आणखी माणसं बोलावणार, आणि बोलावण्याआधी तुला सांगणार. वचन देऊन बसला असाल तर मुलाच्या पाठीमागे काही करू नका. त्या इंटर्नला मी परत आत पाठवलं, सोबत गेले, तिने सांगितलं, 'मी कुणाला सांगणार नाही म्हटलं ते माझं चुकलं, मला सांगावं लागणारे, पण मी तुझ्यासोबत थांबणारे.' पोर रडली, रागावली, पण उठून गेली नाही.

आत्महत्येबद्दल विचारायलाही मुली घाबरतात, आपण विचारलं तर डोक्यात येईल असं वाटतं. तसं होत नाही, स्पष्ट विचारा, 'मरून जावं असं मनात येतं का?' हो म्हणालं तर मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी सुपरव्हायझरला आणि पालकांना कळवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ पाठ हवेत.

भाषेचं तर विचारूच नका. थिअरी सगळी इंग्रजीत शिकलेली, मग मुलासमोर बसून 'तुला त्याबद्दल कसं वाटतंय?' असं विचारलं की उत्तर एकच येतं, 'बरं वाटतंय.' आपल्याकडे पोरं भावना अशी नाव घेऊन सांगत नाहीत, ती म्हणतात पोटात गोळा येतो, डोकं भणभणतं, शाळेत यायला नको वाटतं, आणि आई म्हणते ह्याचं कशात लक्षच नाही. गोळा कधी येतो, गणिताच्या तासाला का बाबा घरी यायच्या वेळेला, इथून धागा सापडतो. मी इंटर्न मुलींना एक वही करायला लावते, मुलांच्या तोंडचे असे शब्द लिहून काढायचे, सहा महिन्यांत ती वही खूप कामाची होते.

कोर्सचा भाग म्हणून वस्तीत काम करायला पाठवतात, त्या प्लेसमेंटला वेगळंच. संध्याकाळी पाणी यायच्या वेळेला सेशन ठेवलं आणि बाई आलीच नाही तर फाइलमध्ये 'क्लायंट उदासीन' असं लिहून मोकळ्या होतात! आधी पाण्याची वेळ विचारा. एका खोलीचं घर, सासू शेजारी बसलेली, तिथे ती काय बोलणार, त्यापेक्षा अंगणवाडी सुटल्यावर तिथे बसा, आशाताईंशी ओळख ठेवा. रेशनकार्डाचं काम अडलंय म्हणून रडत असेल तर आधी ते कुठे होतं ते शोधून द्या.

सुपरव्हिजनला फक्त छान झालेली केस आणू नका. अडकलेली, फसलेली, जिच्यात तुम्ही समोरचीला मध्येच तोडून सल्ला दिलात, ती आणा, आणि संवाद झाला तसाच लिहा, सुधारून नको. व्हॉट्सॅप ग्रुपवर नाव न घेतासुद्धा केस टाकू नका, गाव लहान असतं, लोक ओळखतात.

आणि नोकरी. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमायला सांगितलंय, त्यामुळे जागा निघतील. पण मिळाली म्हणून लगेच हो म्हणू नका. गैरहजर शिक्षकांचे ऑफ तास घ्यावे लागणार का ते विचारा, कारण सकाळी ज्या मुलाला वर्गात ओरडलात तो दुपारी तुमच्याकडे मन मोकळं करणार नाही. आणि बसायची जागा प्रत्यक्ष बघून या, काचेची केबिन आहे, का स्टाफरूमचा कोपरा, का बंद होणारं दार आहे.